बांधाच्या पायथ्याचं पाणी

मामा,

तुमचं तेरावं उरकून मी धाराशिवला परत आले, तेव्हापासून एक वेड लागलंय. नळाखाली पातेलं धरते आणि ते भरेपर्यंत पाण्याच्या रंगाकडं बघत राहते. भरलेलं पातेलं लगेच गॅसवर ठेवत नाही. थोडी थांबते, तळाशी काही बसतंय का ते बघते. काही बसत नाही. नळाचं पाणी, त्यात काय बसणार? तरी पुन्हा वाकून बघते. वेड खरं तर भाद्रपदातलंच आहे, पण तुम्ही होता तोवर ते दोघांत वाटलेलं होतं. फोन केला की तुम्ही आधी विचारायचात, "झोप लागती का गं?" आणि मी विचारायचे, "तुम्हाला?" दोघंही खोटं सांगायचो आणि त्या खोट्यानं दोघांनाही बरं वाटायचं. आता विचारणारं कुणी नाही. तुमच्या वाट्याची भीतीही माझ्याकडंच राहायला आली आहे.

मागच्या वर्षी आमच्या संस्थेनं आपल्या खोऱ्यातल्या पाण्याची पाहणी माझ्याकडं दिली, तेव्हा मी भूममध्ये खोली बघितली होती. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "मामाचं घर पडलं काय?" आणि मी पिशव्या, बाटल्या, तपासणीची पेटी घेऊन तुमच्या अंगणात उतरले. काम साधं होतं. डोंगराच्या दोन सोंडांमधलं एवढंसं खोरं. वर पाझर तलाव, त्याच्या बांधाखाली तुमच्या धाकट्या भावाची, नानामामांची वस्ती, मग वाडी, मग ओढ्याच्या दोन्ही अंगांना विहिरी. कोणत्या विहिरीचं पाणी प्यायच्या लायकीचं, कोणतं नुसतं पिकाला चालणारं, तलावातून किती मुरतं, खालच्या रानांपर्यंत किती पोचतं, हे बघून लिहायचं होतं. तुमची उभी नोकरी कालव्यावर गेलेली. कुणाच्या रानाला कधी पाणी सुटायचं हे ठरवता ठरवता निम्म्या तालुक्याशी भांडून झालेलं. निवृत्त होऊन अंगणात बसायचा तुम्हाला कंटाळा आला होता. दुसऱ्याच सकाळी तुम्ही मोपेड पुसून तयार होता.

"तू पाण्याची डॉक्टर, म्या पाण्याचा तलाठी," तुम्ही म्हणालात. "पाण्यात काय हाय ते तू सांग. पाणी कुणाचं हाय ते म्या सांगतो."

आणि सांगितलंतही. कुठली विहीर दोघा भावांची आहे आणि मोटार कुणाची चालते, कुणी ऊस लावून शेजाऱ्याचा कांदा वाळवला, कुणाच्या बोअरचं पाणी मचूळ म्हणून त्याची सून डोईवरून पाणी आणते. मी आकडे लिहायचे आणि तुम्ही माणसं सांगायचात. तुमच्यामुळं माझ्या त्या अहवालातल्या विहिरींना चेहरे आले. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर "चल, चहा टाक," म्हणून उडवून लावलं असतंत.

भांडलोही खूप. एक भांडण तर अर्धवटच राहिलं. खालच्या आळीतल्या त्या विहिरीचं. खतांचा अंश इतका उतरला होता तिच्यात, की ते पाणी तान्ह्या लेकराच्या दुधात घालू नये. मी म्हणाले, कठड्यावर लाल रंगात लिहून टाकू, पिऊ नका. तुम्ही ऐकलं नाहीत.

"त्या घरात दोन पोरी लग्नाच्या हायेत, रेखे. लाल अक्षरं लिवली की लोक पाण्याला न्हाय, घराला नावं ठेवतील."

"आणि लेकरू आजारी पडलं म्हणजे?"

"म्या घरात जाऊन सांगतो की. माणसाला भ्या दाखवायचं तर पळायला वाट बी दाखवावी लागती."

तुम्ही खरंच गेलात, ओसरीवर बसून दोन कप चहा प्यालात आणि त्या घरानं प्यायचं पाणी दुसरीकडून आणायला सुरुवात केली. पण वाटसरूंचं काय? मेंढ्या घेऊन येणाऱ्यांचं? ऊसतोडीवरून परतणाऱ्यांच्या लेकरांचं? मी विचारत राहिले, तुम्ही मान हलवत राहिलात. अजूनही मला वाटतं, माझंच बरोबर होतं. त्या घरातल्या थोरलीचं लग्न पुढं माघात झालं. तेव्हा पंगतीत तुम्ही माझ्याकडं बघून नुसती भुवई उडवलीत. त्या भुवईला उत्तर द्यायचं राहून गेलं.

पण त्याआधी भाद्रपद आला. पावसानंतरचे नमुने घ्यायला मी पुन्हा तुमच्याकडं आले आणि अडकले. पाऊस थांबेचना. भूमकडं जाणाऱ्या वाटेवरचा पूल पाण्याखाली गेला. पण वाडी खुशीत होती. तलाव काठोकाठ भरला होता, सांडव्यावरून पाणी पडत होतं. सरपंचबाईंनी बायकांना घेऊन तलावाची ओटी भरली. हिरवा खण आणि नारळ पाण्यावर तरंगत चाललेले बघून मामींनी हात जोडले. "यंदा टँकरचं तोंड बघायचं न्हाय," म्हणाल्या. तुम्ही सांडव्यावर उभे राहून पोरासारखे हसत होता.

त्या दुपारी जरा उघडीप मिळाली म्हणून आपण बांधाच्या पायथ्याला उतरलो. खालच्या अंगाला, जुन्या बाभळीच्या खोडक्यापाशी एक झिरा आहे. उन्हाळ्यात मी त्याचा नमुना घेतला होता. करंगळीएवढी धार आणि काचेसारखं पाणी. तुम्हीच सांगितलं होतंत, मातीचा बांध थोडा पाझरतोच, त्यानं घाबरायचं नसतं. त्या दुपारी धार मनगटाएवढी होती आणि पाणी गढूळ होतं.

मला आधी काहीच वाटलं नाही. पाऊस होता, सगळंच गढूळ होतं. बाटली भरली, झाकण लावलं, खोक्यात ठेवली. तुम्ही मात्र तिथंच उकिडवे बसून राहिलात. धारेखाली तळहात धरून. मग म्हणालात, "जरा ती बाटली दे."

बाटली दगडावर ठेवून आपण दोघं तिच्याकडं बघत बसलो. हळूहळू तळाशी गाळ बसायला लागला. काळा, मऊ. तुमच्या चेहऱ्यावरचं हसू कुठं गेलं ते मला कळलंच नाही.

"ह्यो बांध रोजगार हमीत झाला, तवा म्या पोरगा हुतो. आमची आय हितं पाट्या वाहत हुती," तुम्ही हळू आवाजात म्हणालात. "वरून सगळा मुरूम हाय. तांबडा. काळी माती फकस्त पोटात भरलेली."

मग मला समजलं. पावसानं बांधाचं अंग धुतलं असतं तर पाणी तांबडं आलं असतं. हे पाणी बांधाच्या पोटातून येत होतं आणि येताना पोट कुरतडून आणत होतं. आपण ज्या पायथ्याशी बसलो होतो, त्याच्या वर कितीतरी पुरुष उंच पाणी टेकलेलं होतं. मला ते दिसत नव्हतं. समोर नुसती हिरवळलेली मातीची भिंत. तिच्यावर एक बगळा बसला होता.

"तुला खात्री हाय का?" तुम्ही विचारलंत.

"नाही मामा. कडेच्या रानातली काळी माती वाहून आली असेल, तरी असंच दिसेल. खात्री नाही. पण मला भीती वाटतेय."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. लहानपणी मी तुमच्या खांद्यावर बसून यात्रा बघितली, तुम्हाला साप मारताना बघितलं, माझ्या आईच्या चितेपाशी ताठ उभं बघितलं. तुमच्या तोंडून जे कधी ऐकलं नव्हतं ते त्या दुपारी ऐकलं.

"मला बी," तुम्ही म्हणालात.

तिथून पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. तुम्ही तलावाच्या इंजिनिअरला फोन लावलात. तो बिचारा बुडालेल्या पुलाच्या पलीकडं होता. त्यानं सांगितलं, आधी लोकांना वर हलवा, मी पोचायचं बघतो. सांडवा फोडून तलाव उतरवायचा का, यावर त्याला काही बोलवेना. न बघता कसं सांगू, म्हणाला. त्याचंही खरं होतं. तुम्ही वाडीतल्या माणसांकडून झिऱ्याच्या तोंडावर वाळू आणि खडी टाकून घेतली. "तोंड बुजवू नगा! पाण्याला वाट ऱ्हाऊ द्या, माती तेवढी अडवा," तुम्ही ओरडत होता. सरपंचबाईंनी बायका-लेकरं टेकावरच्या शाळेत हलवायला घेतली. मघाशी जिनं तलावाची ओटी भरली होती, तीच बाई आता म्हातारीला पाठुंगळी घेऊन टेकडी चढत होती.

वाडीतल्या बालाजीच्या जेसीबीपाशी तुम्ही गेलात तेव्हा मी सोबत होते. तो पोक्त माणूस, पण त्याचा हात दांड्यावर जाईना.

"आण्णा, एवढं भरलेलं पाणी सोडायचं? गाव मला जित्ता सोडंल का?"

"माझं नाव सांग. म्या सांगितलं म्हण."

"खाली तुमचाच कांदा हाय. नानांचं सोयाबीन हाय."

"म्हाईत हाय," तुम्ही म्हणालात. "चालव."

सांडव्याच्या कडेला त्यानं पहिला घास घेतला. आणि तेवढ्यात कुणीतरी सांगत आलं, नाना उठायला तयार नाहीत.

नानामामांची वस्ती म्हणजे बांधाखालचं पहिलं घर. धाकट्या मामी, सून, नातवंडं वर आली होती. ते एकटेच ओट्यावर पाय सोडून बसले होते. तुमच्या मागं मीही धावत तिथं गेले. नानामामा तुमच्यापेक्षा धाकटे, पण चिडले की तुमच्या वरताण.

"दादा, सांडवा कुणाला इचारून फोडतोस?"

"नाना, आधी उठ. बांधाचं पोट वाहतंय."

"पोट वाहतंय म्हनं! माझ्या वरच्या तुकड्यातली माती हाय ती. दरसाली येती. ह्या पोरीनं बाटली दावली आन तू भुललास?"

"भुललो तर भुललो. वर चल, मंग भांड."

"म्या न्हाय येत. माझं सोयाबीन जातंय ते हितं बसून बघतो."

तुम्ही त्यांच्याकडं बघितलंत, एकदा बांधाकडं बघितलंत, आणि चपला काढून त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलात.

"मंग म्या बी बसतो. रेखे, तू वर जा."

"मामा—"

"जा म्हनलं ना!"

मी गेले. चिखलात दोनदा पडले. टेकावरून मागं वळून बघितलं. खाली होते तेव्हा बांधाआडचं पाणी दिसत नव्हतं. वरून दोन्ही एकदम दिसत होतं. बांधाच्या या अंगाला काठाला लागलेलं, आभाळाच्या रंगाचं, मुकाट पाणी. आणि त्या अंगाला, कितीतरी खाली, ओट्यावर शेजारी शेजारी दोन पांढऱ्या टोप्या. मधे फक्त माती. जेसीबी घरघरत होता. मामी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड इतका आवळून धरला होता की नखं रुतली.  मी बांधाकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, हलू नको, हलू नको. मातीला विनवत होते मी, मामा. रसायनशास्त्र शिकलेली मी बाई, मातीला विनवत होते.

किती वेळ गेला ठाऊक नाही. सांडव्याचा गळा मोकळा झाला आणि पाणी गर्जत सुटलं. त्याच सुमाराला दोन्ही टोप्या उठल्या. नानामामा पुढं, तुम्ही अनवाणी मागं. ओट्यावर बसून तुम्ही दोघं काय बोललात ते मला ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि तुम्ही पुढं कधी सांगितलं नाहीत. वर पोचून नानामामांनी वळून बघितलं. पाणी आधी तुमच्या कांद्यात शिरलं, मग त्यांच्या सोयाबीनमध्ये. पीक तर गेलंच, मातीही गेली, खालचा खडक उघडा पडला. ते बघत राहिले आणि मग सगळ्यांसमोर म्हणाले,

"बांध हुबा हाय बघ, दादा. आन माझं रान ग्येलं."

बांध उभाच राहिला. त्या दिवशीही आणि नंतरही. पाणी उतरलं तशी झिऱ्याची धार बारीक झाली, मग निवळली, मग आटली. इंजिनिअर पूल उघडल्यावर आला, फिरून बघितलं आणि म्हणाला, "योग्यच केलं असावं." त्या 'असावं'नं तुम्हाला आतून खाल्लं, हे मला माहीत आहे.

फुटला असता तर तुम्ही देवमाणूस ठरला असतात. फुटला नाही, म्हणून तुम्ही भरलेला तलाव ओतून देणारे म्हातारे झालात. हिवाळ्यात विहिरी नेहमीपेक्षा लवकर उतरल्या. बांधाखालच्या रानांना ज्वारीला एक पाणी कमी पडलं. फाल्गुनात टँकर आला आणि टँकरच्या रांगेत मामींना ऐकू जाईल असं कुणीतरी म्हणालं, "ज्यांनी तळं सोडलं त्यांनी शेवटाला भरावं." मामी घागर घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. ग्रामसभेत नानामामा म्हणाले, "माझ्या भावाला दिवसा सपनं पडत्यात आन रान माझं वाहून जातं." लोक हसले. तुम्ही तिथं होता.  नोकरीत असताना पाण्याच्या एका पाळीसाठी कलेक्टरपर्यंत भांडलेला माणूस, पण त्या दिवशी टोपी नीट करून उठून आलात.

तुमच्या दोघांत बोलणं बंद झालं. एकाच ओढ्याच्या काठानं दोघं जायचात, एकमेकांना दिसलात की एकजण वाकून चप्पल झटकायचा.

शिमग्याच्या आसपास तुमचा फोन आला होता. नेहमीचा झोपेचा प्रश्न विचारला नाहीत. म्हणालात, "रेखे, आपण चुकलो का गं?"

मी म्हणाले, "आता कळायचं नाही, मामा. फुटला असता तरच कळलं असतं."

तुम्ही म्हणालात, "मंग न कळलेलंच बरं." आणि फोन ठेवलात.   त्या बाटलीतला गाळ मी पुन्हा पुन्हा तपासला होता. काळी माती ही काळी माती असते. ती पोटातली की रानातली, हे ती सांगत नाही.

वैशाखात, भर दुपारी, गोठ्याच्या सावलीला बाजेवर पडलेले असताना तुम्ही गेलात. मामी चहा घेऊन आल्या आणि हाक मारत राहिल्या. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. ज्यांनी नावं ठेवली तीही आली होती, रडतही होती. माणसं अशीच असतात, त्यांच्यावर माझा राग नाही. नानामामांनी खांदा दिला. शेवटपर्यंत बदलू दिला नाही. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दगडासारखा चेहरा करून चालत होते.

इथपर्यंतचं तुम्हाला ठाऊक आहे. यापुढचं ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमच्यानंतर तलावाच्या दुरुस्तीचं काम लागलं. तलाव ठणठणीत कोरडा, मिरगाच्या आत सांडवा बांधून घ्यायचा म्हणून पोकलेन आला. इंजिनिअरनं मला बोलावून घेतलं, कारण झिऱ्याची जागा मला माहीत होती. मी आले. परवा बांधाकडं जाताना वाटेत तीनदा थांबले. तलावात थेंब नव्हता, तळाला भेगा पडल्या होत्या, गुरं फिरत होती. तरी त्या पायथ्याशी उभं राहायला माझे पाय तयार होईनात.

इंजिनिअर विचारात होता. सांडव्यापुरतंच काम करावं की बांध उकरून बघावा? उकरला आणि आत काही निघालं नाही, तर चांगला बांध नासवल्याचा बोल त्याच्यावर. तेवढ्यात नानामामा पुढं आले. गाव जमलेलंच होतं.

"उकरा," ते म्हणाले. "एकदा दिसू द्या सगळ्यांस्नी. माझा भाऊ ग्येला, पर गाव अजून दोन तोंडानं बोलतंय. काय हाय न्हाय ते दिसू द्या."

त्यांना काय दिसायला हवं होतं, ते मला कळत होतं. आणि मामा, मला कशाची भीती वाटत होती सांगू? दोन्हीची. आत घट्ट माती निघाली तर तुम्ही मेल्यावर पुन्हा एकदा चुकणार होता. आणि पोकळी निघाली तर, ती आत होती तेव्हा तुम्ही तिच्यासमोर बसला होता.

पोकलेननं मुरूम काढला. मग काळी माती लागली, घट्ट, ओलसर, दातांचे वळ उमटत होते. एक थर, दुसरा थर. काहीच नाही. लोक कुजबुजायला लागले. नानामामांनी हाताची घडी घातली. पुढचा घास घेतला आणि समोरची माती आपोआप आत ढासळली. ऑपरेटरनं मशीन बंद केलं.

काळं तोंड उघडलं होतं. दोन कळशा शेजारी शेजारी बसतील एवढं. वरच्या बाजूला बाभळीची कुजलेली मुळी लोंबत होती. तिच्याच वाटेनं पाण्यानं रस्ता केलेला. आतल्या भिंती पाण्यानं घासून गुळगुळीत झालेल्या. इंजिनिअरनं मोबाइलचा उजेड आत धरला, वाकून बघितलं आणि मागं सरकला. त्याचा चेहरा उतरला होता. भोक पार तलावाच्या अंगापर्यंत गेलं होतं, पलीकडं थोडीच माती उरली होती. त्यानं काय केलं, मामा? तलाव कोरडा असताना त्यानं बांधावर उभ्या असलेल्या सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं. आणि सगळे उतरले. कुणी का म्हणून विचारलं नाही.

मी तिथंच मातीवर बसले. आपलं बरोबर निघालं याचा आनंद व्हायला हवा होता, नाही?  भाद्रपदात जेवढी भ्यायले नव्हते तेवढी परवा भ्यायले. टेकावरून दिसलेल्या त्या दोन टोप्या, जेसीबीची घरघर आणि मामींची नखं, सगळं पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी बांधाच्या आतलंही दिसत होतं.

नानामामा पुढं गेले. गुडघ्यावर बसले, सदऱ्याची बाही वर केली आणि हात आत घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. तो हात कशालाच लागला नाही. ते तसेच, गाल मातीला टेकवून राहिले. मग मान वळवून त्यांनी भोकाच्या समोर काय आहे ते बघितलं. समोर त्यांचा ओटा होता.

"त्या दिशी हे असंच हुतं?" त्यांनी मला विचारलं.

"लहान असेल थोडं. मोठं होत होतं."

"किती येळ लागला असता?"

मी इंजिनिअरकडं बघितलं. तो म्हणाला, "सांगता येत नाही, बाबा. एकदा असं सुरू झालं की काही सांगता येत नाही."

नानामामांनी हात बाहेर काढला. खांद्यापर्यंत काळा झाला होता. तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"वट्यावर बसल्यावर दादा काय म्हनला म्हाईत हाय का तुला?" ते म्हणाले. "म्हनला, नाना, मला लई भ्या वाटतंय रं. जरा माझा हात धर."

 

"मला वाटलं, ढोंग करतोय. म्या न्हाय धरला. पर हात बघितला त्येचा. थरथरत हुता. म्हनून उठलो म्या. बांधासाठी न्हाय. त्येचा हात बघवंना म्हनून." त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. अंत्यविधीला जे आलं नव्हतं, ते आता आलं.  मग लहान पोरासारखं माझ्या तोंडाकडं बघत त्यांनी विचारलं,

"रेखा, आता दादाला कुनी सांगायचं गं?"

मी सांगते, म्हणाले.

मामा, बांध आतून पोकळ होता.